मुलीला अर्थशास्त्र शिकायचे आहे : बेळगाव भागातून पुढची वाट कशी असते?

पिग्मीवाले

नमस्कार. मी बेळगाव तालुक्यातल्या एका गावात राहतो आणि गेली बावीस वर्षे एका पतसंस्थेसाठी पिग्मी, म्हणजे लोकांची रोजची थोडी थोडी बचत, गोळा करतो. माझी थोरली मुलगी यंदा दुसरी पीयूसी, म्हणजे बारावी, उत्तीर्ण झाली. तिचे कॉम्बिनेशन ‘सेबा’ होते, म्हणजे संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, व्यवसाय अध्ययन आणि लेखाशास्त्र. दहावीपर्यंत ती मराठी माध्यमात शिकली, पीयूसी इंग्रजीतून केली, आणि कन्नड तिला चांगले लिहिता-वाचता येते. तिने बी.कॉम. करावे आणि जमल्यास सीए व्हावे, असे घरात सर्वांनी, मी धरून, गृहीतच धरले होते. निकालानंतर दुसऱ्याच दिवशी तिने सांगितले की तिला अर्थशास्त्र शिकायचे आहे आणि तेही एम.ए.पर्यंत.

यातून नोकरी कोणती लागते, असे मी विचारले. तिने दिलेले उत्तर मला नीट समजले नाही आणि खरे सांगायचे तर तिलाही ते पुरते ठाऊक असावे असे वाटले नाही. आमच्या नात्यात अर्थशास्त्र घेतलेले दोघे आहेत. एक जण अतिथी प्राध्यापक म्हणून दर वर्षी नव्या नेमणुकीची वाट पाहतो आणि दुसरा गोव्यात एका हॉटेलच्या स्वागतकक्षात आहे. दोघेही हुशार मुलगे, म्हणूनच मला काळजी वाटते. मुलीला अडवण्याची माझी इच्छा नाही, परंतु ज्या वाटेवर ती पाऊल ठेवते आहे ती कुठे जाते हे बापाला ठाऊक असावे एवढेच वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

ताळेबंद

पिग्मीवाले, आपली काळजी रास्त आहे. मी उद्यमबागेतल्या काही फौंड्रींचे आणि लहान कारखान्यांचे हिशेब पाहतो. या भागात जीएसटीचे विवरणपत्र बिनचूक भरणारा, बँकेच्या कर्जासाठी प्रकल्प अहवाल तयार करणारा आणि ऑडिटच्या वेळी मालकाच्या शेजारी बसू शकणारा माणूस कधी रिकामा बसलेला मी पाहिलेला नाही. बी.कॉम.नंतर सीए पूर्ण झाले तर उत्तम. अर्धवट राहिले तरी पोट भरते. अर्थशास्त्राचे तसे नाही. तो वाचण्याचा, चर्चा करण्याचा विषय आहे, आणि वाचणे तर कोणतीही पदवी घेऊन करता येते. मुलीला आवड असेल तर बी.कॉम.मध्येही अर्थशास्त्राचे पेपर असतातच. माझे मत कठोर वाटले तर क्षमस्व.

अडतीवरचा_एमए

मी अर्थशास्त्रात एम.ए. केले आहे आणि आज भाजीच्या अडतीवर वडिलांबरोबर बसतो, त्यामुळे मला बोलण्याचा दुप्पट अधिकार आहे असे समजावे.

पदवीची तीन वर्षे आणि नंतरची दोन वर्षे मी जे शिकलो त्याचे वर्णन एका शब्दात करायचे तर ‘नोट्स’. प्राध्यापक सांगत, आम्ही लिहीत असू. मागणीची लवचीकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते, याची व्याख्या मला आजही झोपेत म्हणता येते, परंतु पाच वर्षांत एकदाही कुणी दहा आठवड्यांचे कोबीचे भाव समोर ठेवून ‘काढ लवचीकता’ असे म्हटले नाही. संख्याशास्त्राचा एक पेपर होता. त्यात सरासरी, मध्यक, बहुलक आणि सहसंबंध हे चार प्रश्न आलटून पालटून येत. संगणकाची खोली होती आणि तिला कुलूप होते. महाविद्यालयाचे नाव मी घेणार नाही, कारण तिथले शिक्षक मनाने चांगले होते आणि एकेका शिक्षकावर तीन-तीन वर्गांचा भार होता.

एम.ए. झाल्यावर मुंबईत एका संशोधन प्रकल्पाच्या मुलाखतीला गेलो. त्यांनी मला एक तक्ता दिला आणि त्यावर समाश्रयण (रिग्रेशन) चालवून निष्कर्ष सांगा म्हणून सांगितले. तो शब्द मी परीक्षेत लिहिला होता, पण प्रत्यक्षात तो कसा चालवतात हे पाहिले नव्हते. परतीच्या गाडीत मला कळले की माझ्याकडे अर्थशास्त्राची पदवी आहे, अर्थशास्त्र नाही.

तेव्हा पिग्मीवाले काका, ‘अर्थशास्त्र घ्यावे की नाही’ हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. कोणते अर्थशास्त्र, कुठे आणि गणितासह की गणितावाचून, हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

मूळचा_निपाणीकर

वरच्या प्रतिसादातील शेवटचे वाक्य या धाग्याच्या डोक्यावर टांगून ठेवावे अशी शिफारस करतो. मी निपाणीचा, आता बंगळूरला एका संशोधन संस्थेत काम करतो. माझे आई-वडील दोघेही तंबाखूच्या वखारीत कामाला होते. थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे ही माहिती बहुधा उशिरा पोहोचते.

पहिली गोष्ट अशी की अर्थशास्त्राच्या नावाने दोन वेगवेगळे अभ्यासक्रम चालतात आणि बाहेरून ते सारखे दिसतात. एक वर्णनात्मक : भारतीय अर्थव्यवस्थेच्या समस्या, पंचवार्षिक योजना, बँकांचे प्रकार. दुसरा विश्लेषणात्मक : कलन (कॅल्क्युलस), आव्यूह (मॅट्रिक्स), संभाव्यता, अर्थमिती (इकॉनॉमेट्रिक्स) आणि या सर्वांच्या आधारे आकडेवारीवरून कार्यकारणभाव शोधण्याची शिस्त. नोकऱ्या, विशेषतः ज्यांत अर्थशास्त्र असल्यामुळेच घेतात अशा नोकऱ्या, जवळजवळ सगळ्या दुसऱ्या प्रकाराच्या आहेत. बँकेच्या पीओ, म्हणजे परिवीक्षाधीन अधिकारी, पदाला कोणतीही पदवी चालते, तिथे आपल्या विषयाचा वेगळा मान नाही. परंतु रिझर्व्ह बँकेच्या ‘ग्रेड बी’ अधिकाऱ्यांत आर्थिक संशोधन विभागाची स्वतंत्र भरती असते आणि तिला अर्थशास्त्रातील पदव्युत्तर पदवी लागते. १९६१ साली स्थापन झालेल्या भारतीय आर्थिक सेवेचेही तसेच. यूपीएससी तिची स्वतंत्र परीक्षा घेते, अर्थशास्त्रातील पदव्युत्तर पदवी हीच पात्रता असते, सामान्य अर्थशास्त्राचे तीन पेपर आणि भारतीय अर्थशास्त्राचा एक असे प्रत्येकी २०० गुणांचे चार पेपर असतात, आणि सुरुवातीचे मूळ वेतन ५६,१०० रुपये, म्हणजे आयएएस अधिकाऱ्याच्या पहिल्या पायरीइतकेच. मात्र जागा फार थोड्या; काही वर्षी वीससुद्धा नसतात. म्हणून ही परीक्षा ध्येय म्हणून ठेवावी, पण उदरनिर्वाहाची एकमेव योजना म्हणून ठेवू नये. शिवाय ती इंग्रजीतूनच लिहावी लागते. नागरी सेवा परीक्षेत मात्र अर्थशास्त्र हा वैकल्पिक विषय मराठीतून लिहिता येतो, हा फरक आपल्या मुलांना सहसा कुणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट, शिकायचे कुठे. जवळच्या जवळ धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ, भूतरामहट्टीला २०१० पासून असलेले राणी चन्नम्मा विद्यापीठ आणि घाटावरच पलीकडे कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ हे तीन पर्याय सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांच्या पलीकडे पुण्याची गोखले संस्था आहे. ती १९३० साली स्थापन झाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. मुंबईत गोरेगावला रिझर्व्ह बँकेने १९८७ साली उभी केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. बंगळूरला व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९७२ साली स्थापलेली सामाजिक व आर्थिक परिवर्तन संस्था आहे, आणि २०१७ साली सुरू झालेले डॉ. आंबेडकरांच्या नावाचे अर्थशास्त्राचे स्वतंत्र विद्यापीठही तिथेच आहे. आयआयटींच्या ‘जॅम’ या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत २०२१ पासून अर्थशास्त्राचा पेपर आला आहे. नामांकित संस्थांच्या प्रवेशपरीक्षांचे जुने पेपर उतरवून पाहावेत. अर्ध्याहून जास्त प्रश्न गणिताचे वाटतील. दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्सला तर बारावीत गणित नसेल तर अर्जच करता येत नाही.

पिग्मीवाले, आपल्या मुलीने पीयूसीला संख्याशास्त्र घेतले आहे ही मोठी जमेची बाजू आहे. पदवीला अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र, शक्य असल्यास सोबत गणित, अशी जोडी जिथे मिळेल ते महाविद्यालय निवडावे. इमारत किंवा घरापासूनचे अंतर हे निकष नंतरचे. एवढे जमले नाही, तर ताळेबंद यांचा सल्ला, म्हणजे बी.कॉम., अधिक सुरक्षित आहे असे मी प्रामाणिकपणे म्हणेन. गणितावाचूनचे अर्थशास्त्र आणि लेखाशास्त्र यांत निवड करायची वेळ आली तर मी माझ्या बहिणीला लेखाशास्त्र घ्यायला सांगेन.

ताळेबंद

निपाणीकर, आपण अर्धे माझ्या बाजूने बोललात याबद्दल आभारी आहे. तरीही एक शंका राहते. एम.ए.ची दोन वर्षे आणि त्यापुढे परीक्षांच्या तयारीची दोन-तीन वर्षे धरली तर मुलगी सव्वीसची होईपर्यंत घरात पैसा येणार नाही. सीएच्या आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे सीएच्या हाताखालच्या उमेदवारीत, थोडे का होईना विद्यावेतन सुरू होते. पिग्मी गोळा करणाऱ्या घराला ही पाच वर्षे परवडतील का, याचा हिशेब अर्थशास्त्रज्ञानेच करून दाखवावा.

मूळचा_निपाणीकर

हा हिशेब करायलाच हवा. आमच्या शास्त्रात याला संधी खर्च म्हणतात, आणि तो फीच्या पावतीवर छापलेला नसल्यामुळे लोक तो मोजत नाहीत. माझा सल्ला असा की पदवीनंतर एक थांबा ठेवावा. पदवी झाली की वर्षभर क्षेत्रीय सर्वेक्षणाच्या कामावर जावे, पगार घ्यावा, विषय आपल्याला खरोखर आवडतो का ते पाहावे आणि मग एम.ए.चा निर्णय घ्यावा. संशोधन संस्थांना अशी माणसे सतत लागतात. २०१९ साली अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना नोबेल मिळाले ते ज्या पद्धतीच्या प्रयोगांसाठी, त्या प्रयोगांत घरोघर जाऊन माहिती गोळा करणे हाच पाया असतो. एम.ए.नंतर नेट या प्राध्यापकीच्या केंद्रीय पात्रता परीक्षेत कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर २०२३ पासून ती महिना ३७,००० रुपये आहे; पीएच.डी. करणारी व्यक्ती घरावर ओझे असतेच असे नाही.

खानापूरची_लेक

सर्वेक्षणाचा विषय निघाला म्हणून लिहिते. मी केंद्राच्या सांख्यिकी खात्यात कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी आहे. ही भरती एसएससीच्या, म्हणजे केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या, सीजीएल या पदवीधरांच्या परीक्षेतून होते. तिला बारावीत गणितात ६० टक्के तरी हवेत किंवा पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय तरी हवा. वेतनस्तर सहावा, म्हणजे मूळ वेतन ३५,४०० पासून. पिग्मीवाले दादा, आपल्या मुलीने पदवीला संख्याशास्त्र सोडले तर हे एक दार आपोआप बंद होईल, एवढे आजच वहीत लिहून ठेवावे.

आता कामाबद्दल. बेरोजगारीचा दर वर्तमानपत्रात एका आकड्यात येतो, पण तो आकडा कुणाच्या तरी उंबऱ्यावर तयार होतो. २०१७-१८ पासून चालू असलेल्या श्रमशक्ती सर्वेक्षणात गेल्या सात दिवसांत एक तास जरी काम केले असेल तरी ती व्यक्ती त्या आठवड्यापुरती रोजगारात धरली जाते. नियम सोपा आहे. अडचण प्रश्नात आहे. आपल्याकडच्या बाईला ‘तुम्ही काम करता का?’ असे विचारले की ती म्हणते, ‘नाही हो, घरीच असते.’ आणि हे सांगताना तिच्या मांडीवर सूप असते, सुपात पाने आणि तंबाखू असते, हात विड्या वळत असतात. तिच्या लेखी काम म्हणजे बाहेर जाऊन करायचे ते. मी तिथे ‘विड्या किती हजार झाल्या आठवड्याला?’ असे विचारले की ती लगेच सांगते, आणि मग प्रश्नावलीत तिची नोंद बदलते.

हेच कन्नड घरात वेगळ्या शब्दांत विचारावे लागते. सुरुवातीला माझ्याबरोबर असलेले एक सहकारी दुसऱ्या प्रांतातून आले होते. त्यांचे संख्याशास्त्र माझ्याहून कितीतरी पक्के होते, पण एका वस्तीत त्यांनी अकरा बायकांना बेरोजगारही नव्हे तर श्रमशक्तीबाहेर, म्हणजे काम करतही नाहीत आणि शोधतही नाहीत अशांत, टाकले, आणि पुन्हा भेट दिली तेव्हा त्यांतल्या नऊ जणी कमावत्या निघाल्या. मराठी, कन्नड आणि कामापुरती हिंदी-इंग्रजी, या चार भाषांत माणसाशी बोलता येणे ही सीमाभागातल्या मुलीची जन्मजात मिळकत आहे. आपण तिला कटकट समजतो. या क्षेत्रात तिची किंमत होते.

निवृत्त_मास्तर

खानापूरच्या ताईंचा प्रतिसाद वाचून समाधान वाटले. मी तीस वर्षे पीयू महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले. भाषेचाच धागा थोडा पुढे नेतो.

आमच्या वर्गात अर्धी मुले मराठी शाळांतून आलेली, अर्धी कन्नड शाळांतून. पुस्तक इंग्रजीत. फळ्यावर ‘सीमांत उपयोगिता’, म्हणजे आणखी एका नगाने मिळणारे जादा समाधान, लिहिली की मराठी मुले मान डोलावत, आणि कन्नड मुलांना तेच ‘सीमांत तुष्टिगुण’ म्हणून सांगावे लागे. गंमत अशी की माझ्या मते कन्नड शब्दच अधिक नेमका आहे. उपयोगिता म्हटले की मुले उपयुक्त वस्तू शोधू लागतात आणि तंबाखूला उपयोगिता कशी असेल असे विचारतात, तुष्टी म्हटले की अर्थ आपोआप उलगडतो. मागणी आणि पुरवठा म्हणजे ‘बेडिके’ आणि ‘पूरैके’. काही वर्षांनी मी दोन्ही शब्द दोन रंगांच्या खडूंनी लिहू लागलो आणि मुलांना एकमेकांना समजावून सांगायला लावू लागलो. ज्याला एक कल्पना तीन भाषांत सांगता येते त्याला ती समजलेली असते.

गणिताच्या भीतीविषयीही अनुभव सांगतो, कारण वर सर्वांनी गणित गणित म्हणून मुलीला घाबरवून सोडले असेल. उसाच्या रास्त आणि किफायतशीर भावाचे, म्हणजे एफआरपीचे सूत्र घ्यावे. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३४० रुपये ठरवले आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्याला ३.३२ रुपये जादा. संकेश्वर, चिकोडी भागातल्या कोणत्याही ऊस उत्पादकाच्या मुलाला हे सूत्र तोंडपाठ असते. त्याला मी सांगत असे की आलेख काढ, आडव्या अक्षावर उतारा, उभ्या अक्षावर भाव. ही जी तिरपी रेघ आली तिचा उतार म्हणजेच तुझे कलन, आणि १०.२५ खाली रेघ कशी वागते हे पाहणे म्हणजे धोरणाचा अभ्यास. बापाच्या बिलावर आलेले गणित मुलाला अवघड जात नाही.

आणि ताळेबंद साहेबांनी अर्थशास्त्राला वाचण्याचा विषय म्हटले, त्याबद्दल प्रेमाने एक हरकत नोंदवतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा लंडनच्या डी.एस्सी.साठीचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२३ साली प्रसिद्ध झाला; तो चलनव्यवस्था कशी असावी याचा रोकडा युक्तिवाद आहे. गाडगीळांनी अर्थशास्त्र प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीपर्यंत नेले. आणि सहकाराच्या तेव्हाच्या नव्या कायद्याखालची देशातली पहिली कृषी पतपुरवठा सहकारी संस्था १९०५ साली कणगिनहाळला निघाली, म्हणजे आपल्याच मुलखात, तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यात. पिग्मीवाले, आपण रोज हातात घेता ती पिग्मीची पद्धतही उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ साली सुरू केली, कारण रोज थोडी मिळकत असणाऱ्याला महिन्याच्या शेवटी शिल्लक टाकणे जमत नाही हे कुणाच्या तरी ध्यानात आले. आपली मुलगी लहानपणापासून अर्थशास्त्राच्या घरातच वाढली आहे.

अडतीवरचा_एमए

मास्तर, आपल्यासारखे शिक्षक मला मिळाले असते तर! असो.

भाषेबद्दल मात्र एक व्यवहाराची बाजू. राज्याच्या नोकऱ्यांसाठी कन्नडची परीक्षा अनिवार्य असते, आणि आपल्या मुलांपैकी कित्येक जण अर्थशास्त्रात नव्हे तर तिथे अडखळतात. महाराष्ट्राकडे वळायचे असेल, तर त्या शासनाने दावा सांगितलेल्या ८६५ गावांत १५ वर्षे वास्तव्य असलेल्या मराठी भाषकांना तिकडच्या पदांसाठी अर्ज करता येतो आणि एमपीएससीच्या जाहिरातींत तसा उल्लेख असतो. परंतु वास्तव्याचा दाखला वेळेवर काढून ठेवावा. माझा एक मित्र अंतिम तारखेच्या दिवशी कचेरीत रांगेत उभा होता. प्राध्यापकीसाठीही कर्नाटकाची के-सेट आणि महाराष्ट्राची सेट या वेगवेगळ्या परीक्षा आहेत. दोन्ही दरडींवर पाय ठेवणाऱ्याने सरळ केंद्रीय नेट परीक्षाच उत्तीर्ण व्हावी, ती दोन्हीकडे चालते.

मूळचा_निपाणीकर

सीमेचा विषय आलाच आहे, तर मला मनापासून सांगायची गोष्ट आता सांगतो. या धाग्यावर आलो तो खरे तर तिच्यासाठीच.

१९९२ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते होते तेवढेच राहिले. डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर या दोघांनी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या ४१० खाद्यगृहांत वेतनवाढीच्या आधी आणि नंतर चौकशी केली. वेतन वाढले की नोकऱ्या घटतात असे पुस्तकात लिहिले होते. त्यांना तशी घट आढळली नाही. १९९४ साली तो निबंध छापून आला, त्यावर कडाक्याचे वाद झाले, आणि २०२१ साली कार्ड यांना नोबेलचा अर्धा वाटा मिळाला. एम.ए.च्या पहिल्या वर्षी हे वाचताना मी मध्येच थांबलो. मला कोगनोळीचा टोलनाका दिसला. त्या नाक्याच्या अलीकडे निपाणी, पलीकडे कागल. माती तीच, भाषा तीच, सोयरिकी तर दोन्हीकडे, फक्त सरकार वेगळे. असा प्रयोग करायला अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी सीमा शोधली आणि आम्ही तर सीमेवरच जन्मलो होतो.

किती प्रश्न पडून आहेत पाहा. विड्यांचे किमान वेतन प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. त्यातल्या फरकाने काम नाक्याच्या कोणत्या बाजूला सरकते? कर्नाटकात सहकारी संघाला दूध घालणाऱ्याला लिटरमागे ५ रुपये प्रोत्साहनधन मिळते. सीमेवरच्या गावात गवळी डेअरी कशी निवडतो? मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्राने बायकांना एसटीत निम्मे भाडे केले आणि जून २०२३ मध्ये कर्नाटकाने बायकांचा सरकारी बसप्रवास पूर्ण मोफत केला. निम्मे आणि फुकट यांत मुलींच्या महाविद्यालयाच्या हजेरीला काय फरक पडला? २०२३ मध्ये इकडे बायकांना गृहलक्ष्मीचे महिना २,००० रुपये सुरू झाले, २०२४ मध्ये तिकडे लाडकी बहीणचे १,५००. यांपैकी प्रत्येक प्रश्न हा एकेका प्रबंधाचा विषय आहे. तो हाताळायला दोन्ही बाजूंची भाषा येणारी आणि दोन्ही बाजूंच्या कचेऱ्यांत बसून तक्ते मिळवू शकणारी माणसे हवीत. दिल्लीच्या विद्यार्थ्याला त्यासाठी दुभाषा ठेवावा लागतो.

अर्थात हे दिसते तितके स्वच्छ नाही. निपाणीची माणसे कागलच्या औद्योगिक वसाहतीत रोज कामाला जातात, म्हणजे एका बाजूचा बदल दुसऱ्या बाजूला झिरपतो आणि तुलना बिघडते. उसाचे रान आणि तंबाखूचे रान यांची तुलना केली तरी चूक होते. हे दोष कसे ओळखायचे आणि आकड्यांतून ते कसे वजा करायचे, हेच अर्थमितीत शिकवतात. म्हणून मी गणितावर एवढा अडून बसलो.

निपाणीत १९८१ साली तंबाखू उत्पादकांचे आंदोलन झाले, महामार्ग अडवला गेला आणि गोळीबारात शेतकरी दगावले. ज्यांनी त्याचे नेतृत्व केले ते शरद जोशी वाणिज्याचे पदव्युत्तर पदवीधर होते आणि स्वित्झर्लंडमध्ये जागतिक टपाल संघटनेतली नोकरी सोडून कोरडवाहू शेती करायला परत आले होते. त्यांची सगळी मांडणी पटते असे मी म्हणणार नाही. खुल्या बाजाराबाबत माझे त्यांच्याशी मतभेद आहेत. परंतु उत्पादनखर्चाचा तक्ता हातात धरून रस्त्यावर बसता येते हे आमच्या गावाने प्रथम त्यांच्याकडून पाहिले. माझ्या आईला अर्थशास्त्र हा शब्द कळत नव्हता, पण ‘खर्च किती, भाव किती’ हे ती आजही विचारते.

ताळेबंद

हा प्रतिसाद मी दोन वेळा वाचला. माझे मूळ मत पूर्णपणे बदलले असे नाही, कारण प्रबंधावर घर चालत नाही, परंतु अर्थशास्त्र हा केवळ वाचण्याचा विषय आहे हे विधान मी मागे घेतो. जाता जाता एक जोड : अंगात गणित असेल तर विमागणिताची, म्हणजे अॅक्च्युअरीची वाटही आहे. परीक्षा सीएसारख्याच लांबलचक असतात, पण नोकरी करता करता देता येतात.

सेबावाली

सर्वांना नमस्कार. बाबांनी हा धागा काल रात्री मला दाखवला. त्यांनी इतके नीट लिहिले असेल असे मला वाटले नव्हते.

निपाणीकर दादा, गणिताची मला भीती नाही, पण पीयूसीला गणित हा स्वतंत्र विषय नव्हता, त्यामुळे कलन मला स्वतः शिकावे लागेल. अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि गणित अशी जोडी धारवाडला मिळते असे मैत्रिणीकडून कळले आहे. आम्ही सोमवारी चौकशीला जाणार आहोत. बेळगावात राहून अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र मिळाले तर वसतिगृहाचा खर्च वाचेल, तेही पाहू. पदवीनंतर एक वर्ष काम करण्याची कल्पना बाबांना पटली आहे. मला ती अजून पुरती पटलेली नाही, कारण काम सुरू झाले की शिक्षण थांबते असे आमच्या गल्लीत मुलींच्या बाबतीत बऱ्याचदा झाले आहे.

अडतीवरच्या दादांना एक विचारायचे आहे. आपण लिहिले की कुणी कधी कोबीचे भाव समोर ठेवून लवचीकता काढायला लावली नाही. महाविद्यालय सुरू व्हायला अजून दीड महिना आहे. मी रोज सकाळी बाबांबरोबर पिग्मीच्या फेरीला बेळगावात येते. भाव मी लिहून ठेवले तर चालेल का, आणि वहीत कोणते रकाने ठेवावेत?

खानापूरची_लेक

मुली, तुझी शेवटची शंका खरी आहे आणि ती कुणी हसण्यावारी नेऊ नये. एक वर्ष म्हणजे एकच वर्ष, हे बाबांकडून आजच सर्वांसमोर वदवून घे.

पिग्मीवाले

वदलो. एकच वर्ष.

अडतीवरचा_एमए

जरूर ये. भाव पहाटेच निघतात, साडेसहापर्यंत पोहोचलीस तर लिलाव दिसेल. पहिला रकाना तारीख आणि वार, कारण गोव्याची गाडी कोणत्या वारी भरते यावर अर्धा भाव ठरतो. दुसरा आवक, पोत्यांत. पण पोत्याचे वजन भाजीगणिक बदलते, म्हणून शेजारी किलोचा रकाना हवाच. तिसरा कमाल, किमान आणि सर्वांत जास्त माल ज्या भावाला गेला तो भाव, तिन्ही वेगळे. चौथा रकाना गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटाचा ठेव : चालू की बंद. पावसात दरड कोसळली की इथे कोबी पडून राहतो आणि तिकडे पणजीला महागतो. मालाची मागणी तीच असताना वाटच तुटली की काय होते, हे मला पाच वर्षांत कुणी शिकवले नाही आणि गेली सात वर्षे दर पावसाळ्यात ते मी डोळ्यांनी पाहतो आहे. मागच्या सात वर्षांच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, माझ्याकडे गाठोड्यात बांधलेल्या आहेत. मोठी पिशवी घेऊन ये.